आधी काढलेली वर्गणी

“ही ओळ कोणी लिहिलीय?”

मी दार पुरतं उघडायच्या आत वर्तमानपत्राचं पान माझ्या नाकासमोर आलं. पान धरणारी बाई तीन मजले चढून आली होती, पण तिला जराही दम लागलेला नव्हता. तिच्या मागे जिन्यात आणखी सहा-सात जणी उभ्या होत्या. आमच्या ऑफिसात खुर्च्या होत्या चार.

मी पान हातात घेतलं. स्थानिक बातम्यांत ठळक मथळा होता : ‘गोविंदा पथकांना विमा सक्तीचा, महिला पथके बाहेर’. खाली आमच्या अहवालातलं वाक्य जसंच्या तसं छापलं होतं. महिला पथकांबाबत पुरेशी माहिती उपलब्ध नसल्याने त्यांच्यासाठी हप्ता सुचवता येत नाही.

“मी लिहिली,” आतल्या खोलीतून सबनीस सर बाहेर येत म्हणाले. “या, बसा. चारुता, चहा सांग.”

“चहा नको. उत्तर हवंय.”

तेव्हा मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. विद्याधर सबनीस हे ॲक्च्युअरी. एखादी आपत्ती किती जणांवर आणि किती वेळा येईल याचा हिशेब मांडून विम्याचा हप्ता ठरवणं हा त्यांचा धंदा. मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. या व्यवसायाच्या परीक्षा लोक वर्षानुवर्षं देत राहतात. मी काही पास झाले होते आणि त्याहून जास्त नापास. वेळशेतच्या नगरपालिकेने त्या वर्षी ठरवलं होतं, की विमा नसलेल्या पथकाला हंडी फोडायची परवानगी द्यायची नाही, पण विम्याचा हप्ता मात्र पालिकेने स्वतः भरायचा. तो हप्ता किती असावा हे सांगायचं काम आमच्याकडे आलं होतं.

बाईंचं नाव सुगंधा म्हाप्रळकर. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या आणि खाडीकिनारा महिला गोविंदा पथक चालवायच्या. शिट्टी वाजवून वाजवून कमावलेला आवाज होता तो.

“माहिती नाही म्हणजे काय हो?” त्यांनी सरांना विचारलं. “आम्ही काय चंद्रावर राहतो? विचारायचं होतंत!”

“विचारून उपयोग नव्हता,” सर शांतपणे म्हणाले. “पुरुषांच्या पथकांचे वीस-पंचवीस वर्षांचे अपघात आम्हाला ठाऊक आहेत. कोण कितव्या थरावरून पडलं, काय मोडलं, खर्च किती आला, सगळं. तुमच्या पथकाला झाली तीन वर्षं. शहरात महिलांची पथकं दोनच. आणि तुमच्याकडे आजवर एकही मोठा अपघात झालेला नाही.”

“नाहीच झालेला!”

“तीच तर अडचण आहे.”

मग सुगंधाताई सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “म्हणजे आम्ही पडलो नाही, हा आमचा गुन्हा?”

“गुन्हा नाही. पण...”

“तुम्हाला माहिती मिळावी म्हणून आमच्यातल्या दोघी-चौघींनी हात मोडून घ्यायचे का?”

मागून एक मुलगी म्हणाली, “ताई, मी तयार आहे,” आणि सगळ्या, जिन्यातल्यासुद्धा, हसल्या. ती रुचिरा. कॉलेजात शिकणारी, काडीसारखी. पथकात सगळ्यात वर तीच चढायची.

सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. “तुमचा प्रश्न बरोबर आहे, बाई,” ते म्हणाले. “माझं उत्तर मात्र अपुरं आहे. पालिकेच्या समितीची सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे, तोवर अहवाल बदलता येईल. चारुता, तू यांचा सराव बघून ये.”

“मी?”

“मी गेलो तर हे सगळं बंदच करा म्हणेन,” सर म्हणाले. ते खरं होतं. सबनीस सर जिना उतरताना कठडा सोडत नसत, आणि रिकामा रस्तासुद्धा दोन्ही बाजूंना बघून, थांबून, पुन्हा बघूनच ओलांडत.

रविवारी सकाळी मी शाळेच्या मैदानावर पोचले. मैदानात गाद्या अंथरलेल्या होत्या. तीसेक बायका अंगाला झटके देत उभ्या होत्या. त्यांत एक भाजीवाली होती, एक वकील होती, दोघी सासू-सून होत्या. सासू खालच्या थरात आणि सून तिच्या खांद्यावर.

“एरवी उलटं असतं,” सासू मला म्हणाली, “इथे ती माझ्या डोक्यावर बसलेली चालते.”

मी कडेच्या बाकावर बसून टिपणं काढायला लागले. थर चढले, थरथरले, कोसळले. पुन्हा चढले. पडणं इतकं रोजचं होतं की कोणी त्याची दखलही घेत नव्हतं. पडताना अंग सैल सोडायचं, हात टेकवायचे नाहीत, शेजारणीच्या अंगावर लोळायचं. थर लावण्याआधी सुगंधाताई हेच शिकवायच्या. “चढणं काय, माकडालाही येतं,” त्या ओरडायच्या, “मला पडून दाखवा!”

थोड्या वेळाने त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “मंदाकिनी आज आली नाही. हॉस्पिटलात ड्युटी लागलीय तिची. खालच्या थरात एक जागा रिकामी आहे.”

“मग?”

“मग उठ. बाकावर बसून काय कळणार तुला?”

मी नाही म्हणायला हवं होतं, पण त्या आवाजाला नाही म्हणायची सोय नव्हती. मी ओढणी कमरेला बांधली आणि गोलात जाऊन उभी राहिले. दोन्ही बाजूंनी दोन घामट हात माझ्या खांद्यांवर आले, कपाळं जवळजवळ चिकटली, आणि कोणीतरी कानाशी म्हणालं, “वर बघू नकोस. फक्त श्वास घे.” मग माझ्या पाठीवर एक पाऊल पडलं. मग खांद्यावर. मग वजन वाढत गेलं, आणि माझ्या लक्षात आलं की वजन माझ्या एकटीवर नव्हतंच. ते डावीकडच्या बाईकडून माझ्याकडे येत होतं, माझ्याकडून उजवीकडे जात होतं. कोणाचे पाय डगमगले की सगळा गोल जरासा कण्हायचा आणि तिला सावरून घ्यायचा.

चार थर लागले. वरून रुचिराने सलामी दिली. मला दिसली फक्त शेजारणीची हनुवटी, पण मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला चेव चढला. “मी दुसऱ्या थरावर जाऊ?” मी विचारलं.

“जा. पण शेजारणीचा खांदा सोडायचा नाही. काही झालं तरी.”

मी चढले. खरंच चढले. त्या सासूबाईंच्या खांद्यावर उभी राहिले, दोन्ही हात शेजारणींच्या खांद्यांवर. वरून वेळशेतची खाडी दिसत होती. तेवढ्यात घामाने माझा चष्मा नाकावरून घसरला, आणि तो सावरायला मी एक हात सोडला.

पडताना अंग सैल सोडायचं, हात टेकवायचे नाहीत. मी अंग ताठ केलं आणि हात टेकवला.

मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टर प्लॅस्टर घालत होते आणि बाहेरच्या बाकावर पथकातल्या पाच-सहा जणी बसल्या होत्या. बिलासाठी पर्समधून काढलेल्या नोटा त्या मोजत होत्या. मी बाहेर आले तशी रुचिरा उठली.

“मॅडम, एक सांगू? समितीला तुम्ही बाथरूममध्ये घसरले म्हणा ना.”

“हो,” दुसरी म्हणाली, “बाथरूममध्ये कोणीही घसरतं.”

“नाहीतर संपलंच. आधीच माहिती नाही म्हणतायत. आता म्हणतील, बघा, पहिल्याच दिवशी...”

मी सुगंधाताईंकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, गळ्यातली शिट्टी मुठीत घट्ट धरून. “तिला कोणी काही सांगायचं नाही,” त्या मुलींना म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “दुखतंय का गं फार?” आणि स्वतःच्या स्कूटरवर बसवून मला घरी सोडून आल्या. सबंध वाटेत विम्याचा विषय त्यांनी काढला नाही. त्यामुळे माझं जास्तच अवघड झालं.

सोमवारी सरांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली. मी सगळं सांगितलं, चष्म्यासकट.

“दुसऱ्या थरावरून,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“गाद्या होत्या?”

“होत्या. मी गादीच्या कडेला पडले.”

ते खिडकीकडे वळले. मला वाटलं, आता रागावणार. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सबनीस सर हसत होते. मी त्यांना पहिल्यांदाच असं हसताना बघत होते.

“अभिनंदन,” ते डोळे पुसत म्हणाले. “आता आपल्याकडे माहिती आहे.”

“सर, मुली म्हणत होत्या की बाथरूममध्ये...”

“हात तुझा आहे,” ते लगेच गंभीर झाले. “काय सांगायचं ते तूच ठरव. मैदानावर किती वेळ होतीस?”

“सकाळभर. का?”

“लिहून ठेव. या वर्षी तुझे शिक्षणाचे तास कमी पडतायत.”

आमच्या व्यवसायात दर वर्षी काही तास नवं काही शिकल्याचं दाखवावं लागतं. बहुतेक जण ते हॉटेलातल्या परिसंवादात, थंडगार हॉलमध्ये पेंगत आणि दुपारचं जेवत भरतात.

मग आम्ही दोघं कामाला बसलो. पुरुषांच्या पथकांचे जुने अपघात थरांप्रमाणे वेगळे केले. महिला चार-पाच थरच लावतात, त्यामुळे वरचे सगळे थर बाजूला काढले. गाद्या असलेली पथकं आणि नसलेली पथकं वेगळी केली. मी डाव्या हाताने आकडे सांगत होते, म्हणजे बोट दाखवत होते, आणि सर लिहीत होते. हप्ता निघाला. पुरुषांच्या तेवढ्याच थरांच्या पथकापेक्षा माहिती कमी म्हणून पहिल्या वर्षी थोडा जास्त, आणि दर वर्षी अनुभव बघून बदलायचा.

“हा अंदाज आहे,” सर म्हणाले. “त्याला अंदाजच म्हणायचं. कोणी कितीही दटावलं तरी खात्री म्हणायचं नाही. आणि अंदाज आहे म्हणून लाजायचंही नाही.”

सुनावणी पालिकेच्या सभागृहात दुपारी होती. समितीच्या अध्यक्षा अनसूया भोपी, पिकलेल्या केसांच्या, समोर पितळी घंटा ठेवून बसलेल्या. शेजारी चार-पाच नगरसेवक. मागच्या रांगांत एकीकडे पुरुषांची पथकं, दुसरीकडे सुगंधाताई आणि त्यांच्या बायका, आज सगळ्या साड्यांत.

आमचं नाव पुकारलं तसे सर माझ्याकडे वळले. “तू बोल.”

“सर, अहवाल तुमचा आहे.”

“मी थरावर चढलो नव्हतो.”

मी उभी राहिले. हप्ता कसा काढला ते मी सांगायला लागले. दोन मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की कोणाला काही समजत नाहीये. अध्यक्षाबाई नम्रपणे मान हलवत होत्या, मात्र त्यांची नजर घड्याळाकडे होती.

तेवढ्यात नगरसेवक पद्माकर तांडेल यांनी हात वर केला. रुंद छातीचे, पन्नाशीचे. शहरातलं सगळ्यात मोठं पथक त्यांचं होतं.

“मॅडम, आकडे राहू द्या. हाताला काय झालं तुमच्या?”

मागे साड्या सळसळल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर रुचिराचे डोळे दिसले असते.

“पडले,” मी म्हणाले. “खाडीकिनारा पथकाच्या सरावात. दुसऱ्या थरावरून.”

सभागृहात एकदम गलका झाला. अध्यक्षाबाईंनी घंटा वाजवली. तांडेल उभे राहिले. ते उठले तेव्हा मला दिसलं की त्यांचा उजवा पाय नीट वाकत नव्हता.

“हेच मी सांगत होतो,” ते म्हणाले. आवाजात चढेलपणा नव्हता, काळजीच होती. “विम्याचा प्रश्नच नाही. यांनी हे करूच नये. मी विशीत सहाव्या थरावरून पडलोय. दिवाळीपर्यंत खाटेवर होतो. आईने भरवलं मला. घरी लहान पोरं आहेत यांची. यांना कोण भरवणार?”

माझी पुढची वाक्यं मी पाठ करून आले होते, ती सगळी डोक्यातून गेली होती. म्हणून मनात आलं ते मी विचारलं.

“साहेब, तेव्हा तुमच्या दवाखान्याचा खर्च कोणी केला?”

ते थोडे गोंधळले. “का?”

“असंच विचारतेय.”

“पथकातल्या पोरांनी. वर्गणी काढली. बाजारात फिरले, कोळीवाड्यात घरोघर गेले. ज्याने-त्याने दिलं.” ते खाली बघून म्हणाले, “ऑपरेशन त्यामुळेच झालं. पण पैसे जमायला वेळ गेला. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर पाय वाकला असता.”

“मग साहेब, विमा म्हणजे तीच वर्गणी आहे,” मी म्हणाले. “फक्त पडायच्या आधी काढलेली.”

तांडेलांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

“माझा हात मोडला तेव्हा मी विम्याशिवाय होते,” मी पुढे म्हणाले. “मैदानावरच्या बायकांनी दवाखान्यात पर्स रिकाम्या केल्या. या आज ना उद्या पडणार. पुरुषही पडणार. किती जणी पडतील ते मला नक्की माहीत नाही, अंदाज आहे, आणि तो आम्ही लिहून दिलाय. तुम्ही विमा नाकारलात तर त्या चढायच्या थांबतील असं मला नाही वाटत. परवानगीशिवाय कुठल्या तरी गल्लीत चढतील. तिथे गाद्या नसतील.”

“आम्ही नक्की चढू,” मागून सासूबाई म्हणाल्या, आणि हशा पिकला.

तांडेल हसले नाहीत. उभेच होते. मग अध्यक्षाबाईंकडे वळून म्हणाले, “माझी हरकत मागे. पण अटी घाला. गाद्या पालिकेने द्यायच्या. सगळ्यांना हेल्मेट. आणि सगळ्यात वरच्या मुलीला दोर बांधल्याशिवाय चढू द्यायचं नाही. दोर मी स्वतः तपासणार.”

“पुरुषांच्या पथकांनाही तेच,” सुगंधाताई उठून म्हणाल्या.

“त्यांनाही तेच,” तांडेल म्हणाले. पुरुषांच्या रांगांतून कुरकुर झाली. त्यांनी नुसती मान वळवली, तशी ती थांबली.

अध्यक्षाबाईंनी घंटा वाजवली. ठराव झाला.

बाहेर पायऱ्यांवर बायकांनी मला गराडा घातला. रुचिरा रडत होती आणि हसतही होती. सुगंधाताईंनी माझ्या प्लॅस्टरवर पेनाने पथकाचं नाव लिहिलं, चांगलं ठसठशीत, आणि म्हणाल्या, “आता तू आमची. पुढच्या वर्षी चष्म्याला दोरी बांधून ये.”

गर्दी पांगल्यावर मी आणि सर कठड्याच्या बाजूने उतरायला लागलो.

“परीक्षा सोडणार होतीस ना?” ते अचानक म्हणाले.

मी थांबले. भावाशिवाय हे मी कोणालाही बोलले नव्हते. आईलासुद्धा. भावाच्या ओळखीने शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळत होती, आणि त्या महिन्याच्या शेवटी मी सरांना सांगणार होते.

“तुम्हाला कसं कळलं?”

“दोन महिने तू पुस्तक उघडलेलं नाहीस. आपलं ऑफिस दोन खोल्यांचं आहे, चारुता.”

“वाटलं होतं, हे माझं काम नाही. नुसते आकडे. कोणासाठी करतोय ते दिसतच नाही.”

“आणि आता?”

मी माझ्या प्लॅस्टरकडे बघितलं. “उजव्या हाताने लिहिता यायला लागलं की बसेन अभ्यासाला.”

“तोवर डाव्या हाताने पानं उलटता येतात,” सर म्हणाले आणि उरलेल्या पायऱ्या उतरले.

त्यानंतर माझ्या परीक्षा पुऱ्या व्हायला आणखी पाच वर्षं लागली. पुढे मच्छीमारांच्या योजना आल्या, घरकामगारांच्या आल्या, मंत्रालयातल्या समित्या आल्या. सगळीकडे मला तांडेलांसारखं कोणीतरी भेटलं, आणि सगळीकडे मी आधी त्यांनाच विचारलं की तुमच्यावर वेळ आली तेव्हा काय झालं होतं.

पण ते सगळं नंतर. त्या वर्षी हंडीच्या दिवशी वेळशेतच्या बाजार चौकात मी आणि सर कडेला, एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर उभे होतो. सर येणार नाही म्हणाले होते आणि माझ्याआधी येऊन उभे राहिले होते. ढोल-ताशांनी कान बधिर झाले होते. स्टेजवर तांडेल माइक घेऊन होते आणि स्वतःच्या पथकाची पाळी असल्यासारखे ओरडत होते, “खालचा थर घट्ट! कोणी वर बघायचं नाही!”

पहिल्या प्रयत्नात चौथा थर लागता लागता सगळं कोसळलं. गर्दी हबकली. बायका उठल्या, एकमेकींना चाचपलं, पुन्हा गोल केला. सुगंधाताईंची शिट्टी वाजली.

पहिला थर. दुसरा. तिसरा. चौथा लागला तेव्हा ढोल आपोआप हळू झाले. कमरेला दोर बांधलेली रुचिरा खारीसारखी सरसर वर निघाली. तिसऱ्या थरापाशी तिचा पाय घसरला, सगळा मनोरा डावीकडे झुकला, आणि माझा धड हात कोणीतरी इतका करकचून पकडला की मी कळवळले. सरांनी पकडला होता. एवढ्या वर्षांत त्यांनी किती अपघातांचे हिशेब शांतपणे मांडले असतील. आणि आता त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते.

मनोरा सावरला. रुचिरा उभी राहिली. तिने हात उंचावला आणि मडकं फुटलं. दही, लाह्या, पाणी सगळं खाली आलं. चौक गर्जला. मी नाचत होते, माझ्या तोंडावर दह्याचे शिंतोडे होते, आणि सर अजून माझा हात धरून तसेच उभे होते.

“झालं का?” त्यांनी विचारलं.

“झालं, सर! फोडली! डोळे उघडा!”

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“थांब,” ते म्हणाले. “आधी सगळ्या खाली येऊ देत.”